सवतीच्या हातची सुई

हन्सातू मेली असती तर तिच्या सवतीला, असाबेला, काय काय मिळालं असतं हे तबावाला तोंडपाठ होतं. अंगणाकडची मोठी खोली, तांदळाच्या आप्प्यांचा चालता धंदा आणि वाटेकरी नसलेला नवरा.

तबावा म्हणजे त्या नवऱ्याची, तानिमूची, थोरली बहीण. हन्सातूवर तिचा जीव, असाबेवर डोळा. काडीसारखी पोरगी, पहिल्या नवऱ्यानं टाकलेली. स्वयंपाकाची पाळी आली की हिला थकवा यायचा, आणि चूल आजारी हन्सातू सांभाळायची. तबावानं तेही मनात मांडून ठेवलं होतं.

हन्सातूची साखर काही उतरत नव्हती. कात्सिना शहरातल्या डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं, पुन्हा वाढवलं. शरीर औषधाला दादच देत नाही म्हणाले. हन्सातूला कमी दिसायचं, म्हणून सुई असाबे भरायची. गारव्यासाठी ठेवलेल्या ओल्या वाळूच्या मडक्यातून औषधाची बाटली काढायची, हन्सातूला खोलीत न्यायची आणि दार लावून घ्यायची.

"दार कशाला लागतं गं?" तबावानं एकदा विचारलं.

"मग काय पोट उघडं टाकून अंगणात बसू, वन्सं?" आतून हन्सातूच हसली.

शेवटी डॉक्टरांनी तिला बाटलीसकट दवाखान्यात ठेवून घेतलं. तेवढंच औषध नर्सनं टोचायला घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी हन्सातू घामानं निथळून बेशुद्ध पडली. साखर तळाला गेली होती. शिरेतून साखर चढवता चढवता डॉक्टर म्हणाले, घरी एवढं औषध हिच्या अंगात जातच नव्हतं.

तबावाला आणखी काही ऐकायचं नव्हतं. तिनं तिथल्या तिथे भावाला घरी पिटाळलं.

हन्सातूनं डोळे उघडले तेव्हा तबावा तिचे पाय चेपत होती.

"निवांत पड. औषध कोण चोरत होतं ते कळलं. तानिमू तिला माहेरी धाडायला गेलाय."

"असाबे बरी आहे ना?"

"ढोंगी आहे. तू इथे आल्यापासून अंथरूण धरलंय. घागरभर पाणी पिते आणि ओकते."

हन्सातू ताडकन उठून बसली. हाताची नळी ताणली गेली.

"साखर निघाली म्हणून एका घरानं तिला टाकलंच आहे, वन्सं. रोजच्या औषधातलं अर्धं तिला असायचं. बाटली घ्या आणि पळा. इथे आल्यापासून तिच्या वाट्याचंही मीच घेतलंय."