न मोजलेला माल

टेबल उचललं, तेव्हा अक्का त्यावर लिहीत होती. "जरा हात काढा," एवढंच म्हणून दोन शिपाई ते घेऊन चालू लागले. हिशेब खात्यातल्या सगळ्या माना खाली गेल्या. टेबल थेट मागच्या कोठीत जाऊन थांबलं. तिथे छतापर्यंत जुन्या फायली होत्या, पंखा नव्हता, आणि खिडकीच्या जागी जाळी होती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? वर्षअखेरीला गोदामातला माल मोजायचा, आणि 'माझ्यासमक्ष मोजला' अशा मजकुराच्या कागदावर हिशेब खात्यातल्या एकाने सही करायची, असा रिवाज होता. त्या कागदाच्या भरवशावर बँक कर्ज देई. यंदा गोदामाचं कुलूपच निघालं नाही; किल्ली सापडत नाही, असं सांगण्यात आलं. मोठ्या साहेबांनी आकडे भरून तयार कागद अक्कापुढे सरकवला. अक्काने तो परत सरकवला. दार उघडा, मोजते, मग सही करते, असं ती म्हणाली. साहेब रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला, तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी टेबल उचललं.

तिची खिडकीजवळची जागा टापटीपला मिळाली. हे त्याला खात्याने ठेवलेलं नाव. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असत. तो आणि अक्का एकाच वर्षी नोकरीला लागले आणि तेव्हापासून दोघांचा छत्तीसचा आकडा. अक्का लवकर आली की दुसऱ्या दिवशी तो तिच्याही आधी हजर. तिचा ताळमेळ संध्याकाळी लागला, तर त्याचा दुपारीच लागलेला. तिने एका नवीन मुलीला काम शिकवलं म्हणून त्याने दोघींना शिकवलं, आणि दोघींचं बिघडवलं, असं अक्का म्हणे. नव्या जागेवर बसताच तो कोठीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, की इथे उजेड चांगला आहे, इतकी वर्षं फुकट गेला.

कोठीत काहीच काम नव्हतं. तीच शिक्षा होती. माणसाला रिकामं बसवलं की तो आतून पोखरला जातो आणि एक दिवस आपल्याच हाताने राजीनामा लिहितो, हे साहेबांना अनुभवाने माहीत होतं. अक्काचं घर तिच्या पगारावर चाललेलं, कारण नवऱ्याचं दुकान केव्हाच बसलं होतं. शिवाय ती गेली असती, तर उद्या गोदामाबद्दल कोणी विचारल्यावर साहेब सांगायला मोकळे, की मोजणी बाईंकडे होती आणि बाई तर निघून गेल्या.

नणंदेने घरी येऊन समजावलं. सही म्हणजे काय, दोन रेघा. ते जमत नसेल तर राजीनामा देऊन मोकळ्या व्हा, वहिनी, रोज कशाला अपमान गिळता?

"माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांना मला काढता येत नाही," अक्का म्हणाली. "मग त्यांचं काम मी कशाला करून देऊ?"

ती रोज वेळेवर येई, टेबल पुसे आणि ताठ बसे. साहेब दारावरून गेले की उठून उभी राही आणि मोठ्या आवाजात, अगदी अदबीने विचारी, की साहेब, गोदामाची किल्ली सापडली का? सगळं खातं ऐकत असे. काही दिवसांनी साहेब मागच्या जिन्याने जाऊ लागले.

मग बँकेने कागदासाठी तगादा लावला. साहेबांनी टापटीपला आत बोलावलं. तो कॉलर सारखी करून गेला, आणि दार बंद झालं. एक फाईल शोधायच्या निमित्ताने टंकलेखिका कोठीत आली. तिने हळूच सांगितलं, की तोच कागद आता त्याच्यापुढे आहे, आणि सोबत उपप्रमुखाची खुर्ची.

अक्काने ओळखलं. त्याने सही केली की संपलंच. तिचं 'नाही' मग कोणाच्या खिजगणतीतही राहणार नव्हतं. ती उरणार होती नुसती कोठीतली एक हट्टी बाई. आणि करणाराही कोण, तर तो. साहेबांनी नाही, बँकेने नाही, पण त्याने तिला मोडलं असतं. तिने कोरा कागद पुढे ओढला. 'महोदय' लिहिलं आणि हात थांबला.

दाराशी काहीतरी आदळलं. टापटीप आत आला. चेहरा घामेजलेला, दोन्ही हातांत स्वतःची खुर्ची.

"आता हेही बघायला आलात?" अक्का म्हणाली.

त्याने खुर्ची ठेवली, रुमालाने झटकली, आणि तो तिच्या समोर बसला. मग म्हणाला, "टेबल जरा भिंतीकडे घ्या. माझं मागून येतंय."

बोळातून शिपायांच्या पायांचा आवाज येत होता. अक्काने हाताखालचा कागद मुठीत चुरगळला.

"म्हणजे तुम्हीही नाही म्हणालात?"

"तुम्ही नुसतं तोंडी म्हणालात, अक्का," टापटीप म्हणाला. "मी लेखी दिलं, आणि एक प्रत बँकेला पाठवली."