उणे तीनशे एकसष्ट

उणे तीनशे एकसष्ट.

पडद्यावर तेवढंच होतं. एका आजोबांनी बटण दाबून किती दिवस झाले, या प्रश्नाला ॲपने दिलेलं उत्तर.

"ताई, आजोबा पुढच्या डिसेंबरात जाऊन बटण दाबून आलेत," शंकासूर म्हणाला. ऑफिसात चुका शोधायचं काम त्याचं, म्हणून हे नाव. "आपली पगारवाढ झाली का, तेवढं विचारून घे त्यांना."

ताई हसली नाही. ॲप तिने लिहिलं होतं.

ॲप एवढंसं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. सकाळी उठलं की एक बटण दाबायचं: मी ठीक आहे. दोन दिवस दाबलं नाही, तर जवळच्या माणसाच्या फोनवर घंटा वाजते. बस्स.

तिने तारखांचा भाग उघडला. ओळ सापडायला वेळ लागला नाही. आपली चूक आपल्याला लांबूनच ओळखू येते.

वर्ष दोन तऱ्हांनी मागता येतं. तारखेचं वर्ष, नाहीतर आठवड्याचं वर्ष. एरवी दोन्ही एकच. पण डिसेंबर संपता संपता एक जानेवारी आठवड्याच्या मधोमध आली, की तो अख्खा आठवडा नव्या वर्षाचा धरला जातो. तिने आठवड्याचं वर्ष मागितलं होतं. गेल्या मार्चमध्ये. मार्चमध्ये कोणाला कळणार?

म्हणजे एकोणतीस डिसेंबरला दाबलेलं बटण येत्या एकोणतीस डिसेंबरला दाबलं, अशी नोंद. आज दोन जानेवारी. जो माणूस वर्षभराने ठीक असणार आहे, त्याची आज कशाला काळजी? ॲप गप्प. ज्यांनी काल किंवा आज पुन्हा बटण दाबलं, त्यांची तारीख आपोआप सुधारली. ज्यांनी दाबलं नाही—

"ज्यांनी दाबलं नाही, त्यांची यादी काढ," ती म्हणाली.

यादी निघाली.

अकरा जण.

एक. फोन उचलला. लेकीकडे आलोय, बटणाचं विसरलो.

दोन. उचलला. "तुम्ही कोण? मला काही विकत घ्यायचं नाही."

तीन, चार, पाच. ठीक. ठीक. चार्जर हरवलाय, ठीक.

सहा. शेजारीण बोलली. मावशी न्हाणीघरात पडल्या होत्या. दोन दिवस, दोन रात्री. हाक ऐकू आली म्हणून बरं. मुलगा म्हणतो, घंटा वाजलीच नाही.

ताईने फोन शंकासुराकडे सरकवला. पुढचे चार फोन शंकासुराने केले. चौघंही ठीक होती.

अकरावं नाव तिने वाचलं नव्हतं.

वाचलं होतं. शेवटी ठेवलं होतं.

आत्या. ॲप मुळात आत्यासाठीच सुचलेलं. पहिलं आत्याच्या फोनवर घातलेलं, घंटा वाजणार ती ताईच्या फोनवर. रोज सकाळी चहा घेताना ताई आत्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघायची. ठिपका आहे म्हणजे आत्या आहे. मग फोन करायचा राहून जायचा. जायचं तर राहूनच गेलं होतं. कधीपासून, ते तिने आठवायचं टाळलं.

ठिपका आजही हिरवा होता.

शेवटचं बटण: एकोणतीस तारीख, सकाळी सात दहा.

रिंग गेली. पुन्हा गेली. तिने सात वेळा फोन लावला.

टॅक्सीत तिने देवाशी, मग आत्याशी, मग त्या एका ओळीशी भांडण केलं. पहिला मजला. चार दिवसांत काय काय होऊ शकतं? दुसरा मजला. माणूस पडलं, तर पाण्यावाचून किती काळ? तिसऱ्या मजल्यावर आत्याचं दार.

दारासमोर वर्तमानपत्रं पडली होती. तिने मोजली. मोजायला नको होती. चार.

दारावरच्या काचेतून भर दुपारी दिवा जळताना दिसत होता. रिकाम्या खोलीत दिवा ठेवला म्हणून आत्याने लहानपणी तिच्या पाठीत धपाटे घातले होते.

तिने हात वर केला. दार वाजवलं नाही तोवर आत्या जिवंत होती. वाजवलं, की कळणार होतं. ती तशीच उभी राहिली. खाली कोणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजत होतं. दोन... तीन...

तिने दार वाजवलं.

दार लगेच उघडलं. लगेच, म्हणजे दुसरी थाप पडायच्या आत.

आत्या उभी होती. धडधाकट. केस नीट विंचरलेले, पायात चपला. तिच्यामागे, दाराच्या अगदी समोर, तोंड दाराकडे करून एक खुर्ची मांडलेली. खुर्चीवर उशी. खाली अर्धा पेला पाणी, आणि शेजारी फोन. पडद्यावर ताईचे न घेतलेले सात फोन.

ताई चौकटीला धरून खालीच बसली. रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला.

"बटण का नाही दाबलंस? जीव घेशील एखाद्याचा! पेपर बाहेर, दिवा चालू, फोन घेत नाहीस... मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय वाटणार, आत्या?"

आत्याने वाकून वर्तमानपत्रं गोळा केली. तारखेप्रमाणे एकाखाली एक लावली. तिचा आवाज अगदी साधा होता, रागाचा मागमूस नसलेला.

"ते बटण मी मुद्दामच सोडलं," ती म्हणाली. "घंटा परवाच वाजली असेल ना गं तुझ्याकडे? म्हटलं, बघू तरी, वाजल्यावर किती दिवसांनी येतेस."