मलमाच्या डबीचं झाकण

मागचं.

बोल्ट सुटला आणि डिफरन्शियलमधलं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या दात्यांच्या पेटीतलं, तेल घमेल्यात पडलं. काळं, जाड, कुजक्या अंड्यांच्या वासाचं. थोरल्याने तोंड फिरवलं. तीस वर्षं मेकॅनिकी करून हा वास त्याला पचला नव्हता. एकदा हाताला लागला की जेवणाच्या घासापर्यंत पाठ सोडत नाही. पण आज तोंड फिरवलं ते तेलामुळे नव्हे. वर, गाडीखालच्या खड्ड्याच्या काठावर, धाकट्या भावाचे बूट दिसत होते.

सोळा वर्षांनी आला होता. भंगारातून उचललेली पिकअप घेऊन. म्हणे, तिन्ही तेलं बदलून दे.

"बाकीची गॅरेजं ओस पडली का रे?" थोरल्याने खालून विचारलं.

"गाडी इथूनच गेलेली आहे, दादा. मी गेलो त्याच साली आप्पांनी विकलेली. म्हटलं, तूच उघड."

"आप्पांचं नाव तुझ्या तोंडात शोभत नाही."

बूट जरा मागे सरकले.

पुढचं.

इथेही आधी वरचा बोल्ट, मग खालचा. वडिलांची शिकवण. भरायचं भोक उघडत नाही तोवर रिकामं करायचं भोक उघडू नये. वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर तेलही जातं आणि गाडीही. बोल्टाखालचा वायसर, ती चपटी चकती, तांब्याचा होता. म्हणजे मधे दुसऱ्या कुणीतरी हात घातला होता. आप्पांचं काम लगेच कळायचं. तेल कुणीही ओतो, भोकात करंगळी घालून पातळी बघणार तेच. बोल्टही तेच लावणार, आणि वायसर बाजारचा नाही. गुडघ्याला चोळायच्या मलमाच्या डबीचं पिवळं झाकण स्वतः कापून केलेला. त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायची टाप नव्हती. आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण गॅरेजच्या पाटीवर अजून नाव त्यांचंच. गिऱ्हाइकं त्या नावावर यायची.

आणि त्यांच्या पोटी हे रत्न! त्या साली एका गिऱ्हाइकाच्या गाडीत भुसा सापडला होता. लाकडाचा. झिजलेल्या दात्यांच्या तेलात भुसा कालवला की खडखड दबते, गाडी महिनाभर गोगलगाईसारखी गप्प चालते. तेवढ्यात विकून मोकळं व्हायचं. आप्पांनी भर रस्त्यात धाकट्याच्या कानाखाली वाजवली, त्याची पान्यांची पेटी गटारात भिरकावली. थोरला त्याच्या पायाशी थुंकला. धाकटा चकार शब्द बोलला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मधलं.

ट्रान्स्फर केस. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी. तिचा बोल्ट मात्र इतक्या वर्षांत कुणी हलवला नसावा. पान्यावर पाइप चढवून थोरला अक्षरशः लोंबकळला, तेव्हा कुठे कर्रकन सुटला.

त्याने भोकात करंगळी घातली. बोटाला तेल नाही, लगदा लागला. उजेडात धरला. फुगलेला, काळाठिक्कर भुसा.

थोरल्याने लगदा घमेल्यात झटकला. "हरामखोरा, हिच्यातही? आणि ही तुझी घाण उपसायला मलाच शोधलास?"

"दादा, शिव्या नंतर घाल. आधी बोल्ट बघ."

बोल्ट मुठीतच होता. थोरल्याने तो चिंध्यांनी पुसला. मेणचट थराखालून वायसरचं पिवळं निघालं. पिवळ्यावर अर्धं निळं अक्षर.

त्याने पुन्हा पुसला. पिवळंच.

वर बूट हलले नाहीत.

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशीच."

"मग तोंड का शिवून घेतलंस?"

"आप्पांचं नाव गेलं असतं तर पाटी उतरली असती, दादा. तुझं नुकतंच लग्न झालेलं."

थोरला खड्ड्यातून वर आला. भावाकडे न बघता नळावर गेला. रॉकेल लावलं. साबण. राख. पुन्हा साबण. करंगळी नाकाशी नेली. वास होताच.

तेव्हा त्याला त्या दिवशीची संध्याकाळ आठवली. ताट वाढून निवत होतं आणि आप्पा मोरीवर हात धूत होते, धूतच होते. आई हळूच म्हणाली होती, पोराची किळस आलीय त्यांना. आप्पा करंगळी नाकाशी नेत होते आणि पुन्हा पाण्याखाली धरत होते.