घरचा नंबर

"माहा घरवाला पावसाळ्यात वारला," जमुनाबाईने फोन पुढे केला. "मंग हे रोज काऊन येऊन राहिलं?"

चंचलने मेसेज वाचला. 'आपले माणूस जंगलातून सुखरूप बाहेर आले आहे.' ऑक्टोबरपासून रोज, सफारी संपल्यावर.

मेसेज तिच्याच प्रोग्रामने पाठवले होते. नागझिऱ्याच्या अभयारण्यातल्या गाईड लोकांच्या नोंदींचं काम ती जंगलाजवळच्या गोरेगावात एका भाड्याच्या खोलीत बसून करायची. कधीकधी दिवस मावळेपर्यंत एकाही माणसाशी बोलणं होत नसे. ही तक्रार आली तेव्हा फोनवर न मिटवता तिने गाडी काढली होती.

"चूक माझी आहे, काकू. हेमराजकाकांच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेले योगराजभाऊ आले. नव्या गाईडची नोंद उघडली की जुन्याची माहिती तिच्यात आपोआप येते, पुन्हा लिहावी लागू नये म्हणून. तिच्यासोबत तुमचाही नंबर गेला असणार."

"पयल्या दिवशी मी आंघोळीचं पाणी ठेवलं," जमुनाबाई म्हणाली. "दोघाचा भात टाकला. मंग आठवलं." तिने पदर सारखा केला. "काढून टाक, पोरी. खोटं कायले ठेवाचं?"

चंचलने ओसरीवरच लॅपटॉप उघडला. प्रोग्राममध्ये जुन्या गाईडच्या नोंदीतून नव्याच्या नोंदीत काय काय न्यायचं, त्याची यादी तिनेच लिहिली होती. गेट, रस्ता, पाळी. तिने ती दोनदा वाचली. फोन नंबर तिच्यात नव्हताच.

म्हणजे कोणीतरी हाताने भरला होता. गेटवरच्या बाबूने जुना कागद समोर ठेवून टाईप केला असेल, असं तिला वाटलं. जीव जरा हलका झाला. तिने नंबर पुसला आणि योगराजला फोन लावला. जमुनाबाईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"योगराजभाऊ, तुमच्या घरचा नंबर सांगा. तुमच्या नावापुढे हेमराजकाकांच्या घरचा पडला होता. आता काढलाय."



"काढला काय?" योगराज म्हणाला.

"हो. बाबूकडून चूक झाली असेल."

"बाबूनं नाही टाकला, म्याडम. मीच टाकलो. घरच्या नंबरचा खाना रिकामा ठेवला तं फारम पुढं जात नाही. अन् मी परत आलो का नाही, हे सांगाले मले दुसरं घर नाही."