‘सासूची सावली’चा अकराचा खेळ

बसने नळेगाव सोडलं तसं अंजूने वडिलांच्या कानातलं मशीन हळूच काढलं, त्यातला सेल पर्समध्ये टाकला आणि रिकामं मशीन परत बसवलं. मशीन नसलं की अप्पा समोरच्याचे ओठ वाचत. तिने सावकाश ओठ हलवले, "सेल संपला, अप्पा. लातूरला नवा घेऊ."

पाप लागलं तर लागो, असं ती मनाशी म्हणाली.

भीमाशंकरअप्पा खिडकीतून सोयाबीन बघत राहिले. उदगीरच्या मोंढ्यात धान्य तोलणाऱ्या या माणसाने फावल्या वेळात भुताचे नऊ सिनेमे काढले होते. पहिला ‘सासूची सावली’. मेलेली सासू रोज जेवायच्या वेळेला परत येते आणि सुनेच्या वरणाची चव घेते, एवढीच गोष्ट. भूत झाल्या होत्या शेजारच्या नीलाबाई. तोंडाला ज्वारीचं पीठ आणि मनगटावर घड्याळ तसंच. जत्रेतल्या तंबूत खेळ लागला. नीलाबाई दारातून आत आल्या, "वरणात मीठ कमी हाय," म्हणाल्या, आणि बायकांची अख्खी बाजू किंचाळत तंबूबाहेर पळाली. दोघींची दातखीळ बसली. महिनाभर उदगिरात एकही सून एकटी चुलीपाशी बसेना.

तेव्हापासून अप्पांचं नाव झालं. लोक भुतं मागत गेले, अप्पा देत गेले. स्वतः मात्र तंबूबाहेर उभे राहत आणि खेळ सुटला की बायकोला, शांतम्माला, एकच विचारत, "लोकं काय करायलते?"

"लई भ्याले," ती अभिमानाने सांगे.

"हं," म्हणून अप्पा जेवायला बसत. मुळात बोलणं कमी. चुकून एखादा विनोद केलाच, तर शांतम्मा कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची.

आता काळ फिरला होता. लातूरच्या कॉलेजातली पोरं त्याच सिनेमाचे तुकडे मोबाईलवर फिरवत आणि पोट धरून हसत. अंजूने हे दोन वर्षं वडिलांपासून लपवलं होतं. अव्वा, तिची आई, गेल्यापासून म्हाताऱ्याला त्या सिनेमांखेरीज होतं काय? आणि नेमकं त्या पोरांचा म्होरक्या अमरनाथ याने सत्काराचं आवतण धाडलं. सकाळी अकराला खेळ, मग शाल-श्रीफळ. अप्पांनी आठ दिवस आधीच कोट काढून ठेवला. नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

हॉलच्या दारात अप्पांनी कानाकडे बोट केलं. "सेल?"

"दुकान बंद हाय."

अप्पा थोडा वेळ दारातच घुटमळले. मग आत गेले.

तिने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, म्हणजे मागची तोंडं दिसायची नाहीत. पडद्यावर नीलाबाई दारात आल्या, आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर ओरडला, "वरणात मीठ कमी हाय!" त्यावर जो हशा उठला, तो सिनेमा संपेपर्यंत थांबला नाही. एक पोरगी खुर्चीवरून खाली घसरली. अंजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा तेवढे शांतपणे पडद्याकडे बघत होते. सेल काढला ते बरंच केलं, असं तिला शंभरदा वाटलं.

दिवे लागले. अप्पा मागे वळले. कुणाच्या तोंडावर रुमाल, कुणाच्या ओढणी.

"डोळे कामून पुसायलेत गं ही पोरं?"

"भेऊन, अप्पा. लई भ्यालीत."

"हं," अप्पा म्हणाले.

सत्कार झाला. अप्पांनी हात जोडले, भाषण केलं नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी शाल मांडीवर घेतली. अंजूने त्यांचा हात हातात घेतला.

"तुझ्या अव्वालाबी कधी बोललो न्हाई," अप्पा म्हणाले. "ती सासू मी लोकांला हसवायला लिहिली होती. पहिल्याच खेळाला लोकं पळाले. म्हटलं, पुढच्याला हसतील. नऊ सिनेमे काढले."

अंजूच्या हातातली पर्स खाली पडली.

"ही शिकलेली पोरं. म्हणून तर आलो लातूरला." त्यांनी तिच्या ओठांवर नजर लावली. "खरं सांग पोरी, एक तरी हसलं का?"