शनिवारचा आठवडा

ॲप विकायला आलेल्या माणसाने दाखवलेल्या हिशेबाच्या ॲपमध्ये आठवडा शनिवारी सुरू होत होता. निपाणीत भाजी विकणाऱ्या जयाबाईंना ते पटेना.

"आमचा बाजार गुरुवारी रं. गुरुवारपास्नं आठवडा चालू कर, मग घेऊ."

"आक्का, कंपनीचं ॲप हाय. आत हात लावायची मुभा कुणालाच न्हाय."

शेजारी बसलेली त्यांची भाची सौम्या पडद्याकडे बघतच राहिली. बेळगावचा बाजार शनिवारी, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनेच स्वतः लिहिलेल्या ॲपमध्ये हा आठवडा तसा मांडला होता. कोड तिने जगाला देऊन टाकला होता: घ्या आणि हवं ते करा. कामातला जोडीदार साईराज तेव्हापासून मागे लागला होता, "एकच अट घाल गं. जो बदल करून पुढं देईल, त्यानं त्याचा कोडही खुला द्यावा." ती दर वेळी हसून म्हणायची, "अट घातली की मोकळीक कसली रं?"

आत्याने तिला कोपराने ढोसलं. "तू लई कॉम्प्युटर शिकलीस न्हवं? मग एवढा एक वार बदल की!"

सौम्याने साईराजला फोन लावला.



"नव्या आवृत्तीला घाल बाबा ती अट."