दातातली पेन्सिल

"पुढची!" शटलवर्थ मास्तर सवयीनं ओरडले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

चर्चच्या ऑर्गनच्या पोटात, नळ्यांच्या दाटीत ते अंग चोरून उभे होते. बाहेर वाजवायच्या बाकावर कुणीच नव्हतं. तिथं एका पट्टीवर त्यांनी शिशाचं वजन ठेवलं होतं, म्हणून ती वाजत होती. एक नळी सुरात आणायची, शिडी उतरून बाहेर जायचं, वजन पुढच्या पट्टीवर सरकवायचं आणि पुन्हा वर चढायचं. दुपारपासून हेच चाललं होतं आणि गुडघे कुरकुरायला लागले होते.

खरं तर हे दोघांचं काम. एकानं बाहेर पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं आत नळी लावायची, सूर जुळला की ओरडायचं, "पुढची!" लग्न झाल्यापासून बाहेर हॅना बसायची. हॅना हिवाळ्यात गेली. तिची चावलेली पेन्सिल अजून बाकाशेजारच्या फळीवर पडून होती. सूर लावताना ती दातात धरायची. "घोड्याला लगाम घातलाय," असं मास्तर तिला चिडवायचे. तिच्यामागं त्या पेन्सिलीला कुणाला हात लावू दिला नव्हता त्यांनी.

त्यांनी शिडीवर पाय टेकला. तेवढ्यात वाजणारा सूर थांबला आणि पुढचा सुरू झाला.

मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. वजन घसरलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि पुढची नळी धरली. आधी लावलेल्या नळीचा आणि हिचा, असे दोन सूर एकमेकांना घासत होते, हवा थरथरत होती. मग थरथर संथ झाली. थांबली, म्हणजे सूर जुळला. "पुढची" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच पुढची पट्टी वाजली.

अशी फक्त हॅना होती. लग्नाआधी बाहेर बसलेले बाकीचे मुकाट्यानं हाकेची वाट बघायचे. हॅनाला सूर जुळल्याचं आधीच कळायचं. तिच्या तिखट कानांच्या भरवशावर मास्तरांनी आयुष्यभर गाणारी मंडळी सांभाळली. संध्याकाळच्या उपासनेला ती पहिल्या बाकावर बसायची. आवाज मागं चांगला ऐकू येतो, हे हजारदा सांगून झालं, पण बाई हटली नाही. घरी जाताना म्हणायची, "तिसऱ्या कडव्याला अल्टो मागं पडल्या." आणि खालच्या सुरात गाणाऱ्या त्या बायका मागं पडलेल्याच असायच्या. ती गेल्यापासून आपलं चांगलं काय नि वाईट काय, मास्तरांना कळेनासं झालं होतं. उद्या ईस्टरला शेवटचं वाजवणार, असं त्यांनी पाद्रीसाहेबांना सांगूनही टाकलं होतं. आता वाजवायचं कुणाच्या कानांसाठी?

ते बाहेर गेले नाहीत. बघायला गेलं तर थांबेल, या भीतीनं नळीमागून नळी लावत राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. एकदा हळूच म्हणाले, "हॅना?"

उत्तर आलं नाही. तेही तिचंच. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ती कधी ओ द्यायची नाही. विचारलं तर म्हणायची, "ओ द्यायला मी काय तुमची मोलकरीण?"

शेवटची नळी लागली. सगळं शांत झालं. ती शांतता मात्र मास्तरांना सोसवेना. ते धडपडत बाहेर आले.

वाजवायच्या बाकावर मार्था ग्रिमशॉ बसली होती. पायाशी ईस्टरच्या लिलींची टोपली. दातात हॅनाची पेन्सिल, आणि पेन्सिलीचं दुसरं टोक ऑर्गनच्या लाकडाला टेकवलेलं.

मास्तर बघतच राहिले. मार्था ठार बहिरी होती. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या बायकांसारखी तीही समोरच्याचे ओठ वाचून बोलायची. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं.

"मार्था! सूर जुळला हे तुला कसं कळलं?"

तिनं पेन्सिल काढली. "फुलं मांडायला आले, तर मास्तर माकडासारखे वर-खाली. म्हटलं, मोडतील आता तंगड्या. ही अशी दातात धरायची, लाकडाला टेकवायची. डोक्यात थरथर येते. थांबली की पुढची. हॅनानंच तर शिकवलंय."

"हॅनाला कशाला लागते असली युक्ती?"

मार्था त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. ते चेष्टा करत नव्हते.

"मास्तर, आम्ही दोघी शेजारशेजारच्या मागांवर होतो," ती म्हणाली. "माग काय एकटीचेच कान खातो?"

मास्तर पायरीवर बसले. समोर पहिला बाक होता. तिथून गाणाऱ्यांचे ओठ स्पष्ट दिसत असणार.

"जन्मभर माझ्याशी खोटं बोलली?"

"खोटं कुठलं? अल्टो मागं पडायच्या की नाही?"

"पडायच्या."

"मग?"

मास्तरांनी तिच्या हातून पेन्सिल घेतली. लाकडात हॅनाच्या दातांचे खोल वण होते. त्यात आपले दात बसवून त्यांनी टोक ऑर्गनला टेकवलं, दोन्ही कानांत बोटं घट्ट घातली आणि मार्थाला मानेनं खूण केली. तिनं पट्टी दाबली. त्यांच्या कवटीत कुठंतरी लांब एक घरघर उठली. सूर नाही, गाणं नाही, नुसती घरघर. हॅनापर्यंत एवढंच पोचत होतं, आणि एवढ्यासाठी ती रोज संध्याकाळी येऊन बसत होती. मास्तर हुंदके देऊन रडले.

मार्थानं त्यांना रडू दिलं. मग टोपली उचलत म्हणाली, "उद्यानंतर सोडताय म्हणे?"

मास्तरांनी डोळे पुसले. तिला ओठ नीट दिसावेत म्हणून ते उजेडाकडं वळले.

"उद्यापासून पहिल्या बाकावर तू बस," ते म्हणाले. "आणि अल्टो कुठं मागं पडतात, ते मला घरी जाताना सांगत जा."